मास्तरच्या खिशातली डबी

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते कुत्रीच्या गोचिड्या काढायचं. विक्रोळीला आमच्या वसाहतीच्या मैदानात पाण्याच्या टाकीजवळ बुटका कठडा आहे. त्यावर मी बसलो होतो, माझ्या मांडीवर सुंठीचं डोकं, आणि मास्तर खाली उकिडवा बसून तिच्या पंजाच्या फटीतून एकेक गोचीड चिमट्याने ओढून साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकत होता. पाऊस संपला की गवतात ह्यांचा सुळसुळाट होतो. सुंठ ही माझी कुत्री. डोकं माझ्या मांडीवर, पण डोळे मास्तरकडे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी सारखं हेच सांगणार आहे. कुत्री माझी, लायसन माझ्या नावावर, डोळे मास्तरकडे.

त्याच दिवशी दुपारी मास्तर गेला. माहुलच्या खोलीत जेवून आडवा झाला तो उठला नाही.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. मी पण बोलेन, मधे मधे. पण मी सातवी शिकलेला, कंपनीच्या गेटवर उभा राहून जन्म काढलेला माणूस. मला गोड लावून बोलता येत नाही. मास्तरवर मी जळत होतो. तो होता तेव्हा जळत होतो आणि आज तो नाही तरी विझलेलं नाही.

कशावरून, ते सांगतो. माझी बायको वारली. तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळ्यांनी शब्द देऊन पाहिले. मग हा मास्तर पुढे झाला, पानाजवळ वाकला, तोंडावर हात धरून काहीतरी पुटपुटला, आणि कावळा शिवला. काय बोलला तो? माझ्या बायकोची कुठली इच्छा ह्याला ठाऊक होती, जी मला नव्हती? त्या एका प्रश्नापायी मी वर्षभर रोज सकाळी मैदानात गेलो.

मास्तर म्हणजे शाळेचा नव्हे. कुत्र्यांचा. तरुणपणी कुठल्याशा खात्यात कुत्री सांभाळायला होता, पुढे गोदामांसाठी राखणीची कुत्री तयार करून द्यायचा. कुठल्या खात्यात म्हणून विचारलं तर म्हणायचा, "भुंकणाऱ्या." अंगाने काटकुळा, पायात ढगळे बूट, आणि डाव्या हातावर मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत गोणपाटाची आणि चामड्याची जाड बाही. कुत्र्याला चावायला द्यायची ती बाही. पिशवीत मावत नाही म्हणून हा माणूस ती हातात घालूनच माहुलहून बसने यायचा. बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. कंडक्टर विचारायचा, "काका, हात मोडला काय?" हा म्हणायचा, "अजून नाही. विक्रोळीला उतरू दे."

त्याच्याकडे स्वतःचा कुत्रा नव्हता. ह्याचं सगळ्यांना नवल वाटायचं. माहुलला त्याच्या खोलीच्या मागेच रिफायनरी. वारा फिरला की डोळे चुरचुरतात असला वास. मास्तर म्हणायचा, "तिथे राहून माझं नाक गेलं. त्या बिचाऱ्याचं कशाला घालवू?"

उजव्या खिशात उकडलेल्या कोंबडीचे तुकडे, ते कुत्र्यांचे. डाव्या खिशात भाजलेले शेंगदाणे, ते मालकांचे. कुत्र्याने नीट केलं की त्याला तुकडा, मालकाने नीट केलं की त्याला शेंगदाणा. चेष्टा नाही करत. मुलुंडच्या टॉवरमधले लोक गाड्या घेऊन ह्याच्याकडे यायचे आणि हापपँटवर उभे राहून हात पुढे करायचे. एक डॉक्टरीणबाई होत्या, त्या रुसायच्या. "मास्तर, ह्यांना दोन दिलेत, मला एकच."

मी म्हटलं, "मास्तर, मी काय माकड आहे?"

"नाही भाऊ. माकड लवकर शिकतं."

माझ्या वाट्याला शेंगदाणे फार थोडे आले. माझ्या बायकोला मूठ मूठ मिळायचे. ती पदरात बांधून घरी आणायची आणि माझ्यासमोर बसून खायची.

कुत्रा घ्यायचं माझ्या डोक्यात आलं होतं, हे सगळे विसरतात. रिटायर झालो आणि घरात बसून भिंती बघायला लागलो. भाच्याने मोबाईलवर दाखवलं, एक काटक कुत्रा, अंग तपकिरी, तोंड काळं, धावत येऊन माणसापेक्षा उंच भिंत चढून जातो. ह्याला बेल्जियम म्हणतात म्हणे. मी म्हटलं, आपल्याला हाच. नोकरीत लोक मला बघून थांबायचे ते अंगावरच्या कपड्यांमुळे. ते उतरले. आता कुणीतरी बिचकलं पाहिजे ना. त्याआधी जनावर पाळलं होतं ते गावी, एक मांजर. ते पण आईचं.

कुणीतरी मास्तरचा नंबर दिला. मी, बायको आणि मास्तर असे तिघं मुलुंडच्या पुढे एका पिल्लंवाल्याकडे गेलो. मला वाटलं, मास्तर पिल्लांचे दात बघेल, कान बघेल. ह्याने खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि खाली पडलेल्या पत्र्यावर फेकला. खण्णकन आवाज झाला. पिल्लं पळाली, एक जागीच मुतलं. एक मादी मात्र पळता पळता थांबली, वळली, येऊन चाव्या हुंगल्या आणि जुडगा तोंडात धरून चालायला लागली. मास्तरने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे, ही नाही.

मला एक जाडा नर आवडला होता. तो माझ्या बुटावर येऊन झोपला होता.

"हा घ्या भाऊ," मास्तर म्हणाला. "देवमाणूस आहे. तुम्ही झोपलात की हा झोपेल."

"मला राखण करणारा पाहिजे."

"पहिल्यांदा पाळताय ना? मग ह्याच्यापासून सुरू करा."

एवढ्यात बायको ओरडली. त्या मादीने चाव्या टाकून तिचा पदर धरला होता. ही ओढते, ती ओढते. मास्तरने पदर वर उचलला, तर पिल्लू पदराला लटकून हवेत. चारी पाय सुटलेले, गुरगुर चालू, दात काही सुटत नाहीत, आणि डोळे सरळ माझ्या बायकोच्या डोळ्यांत.

"वहिनी, ही नको," मास्तर म्हणाला. "हिला ओढ फार. हिला रोज काम लागेल. नाही दिलंत तर ही आपलं आपण शोधील, आणि ते तुम्हाला आवडणार नाही."

"माका हीच व्हयी."

"नवख्या माणसाच्या घरी असली कुत्री देऊ नये हो."

"तुमका भीती वाटता काय?"

मास्तर हसला. मालकांबरोबर तो कधी हसायचा नाही, तेव्हा हसला. "मग मला रोज यावं लागेल."

"येवा. माशे खातास मा?"

झालं. माझा कुत्रा, मी भाड्याने केलेली गाडी, माझी खरेदी, आणि घरी परत येताना मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो, मागे ती दोघं पिल्लू मधे घेऊन. रंगावरून आणि तिखटपणावरून बायकोने नाव ठेवलं सुंठ. मास्तर म्हणाला, "झकास. एका दमात सुटतं." मी सुचवलेलं नाव कुणी विचारलं पण नाही. ते वाघ्या होतं, आणि ती मादी होती, ते सोडा.

मास्तरने सांगितलं होतं तसंच झालं. पहिल्या पावसाळ्यात सुंठीने माझी आरामखुर्ची खाल्ली. चपला खाल्ल्या, दाराची चौकट कुरतडली, शेजाऱ्यांच्या कुंड्या आमच्या ओट्यावर आणून रांगेत मांडल्या. मी पेपरची गुंडाळी करून एक हाणली. तिने गुंडाळी हिसकावली, घरभर पळवली आणि परत आणून माझ्या हातात दिली. आणखी मार म्हणून. मग रोज पेपर आला की ती माझ्यासमोर येऊन उभी.

मास्तरला सांगितलं तर म्हणाला, "छान. हा खेळ तुम्ही शिकवलात. आता बंद करून दाखवा."

प्रत्येक मालकाला तो पहिल्या दिवशी एकच सांगायचा. "हसून दाखवा." कुत्र्याला आपला आनंद ऐकू गेला पाहिजे, म्हणजे ते आपल्यासाठी काम करतं, असं त्याचं म्हणणं. आवाज बारीक काढायचा, लहान पोराशी बोलतो तसा, आणि सगळ्या मैदानासमोर "शाब्बास, शाब्बास" करत उलट्या पावली पळायचं. माझा आवाज गेटवरचा. ओ, थांबा, पास दाखवा. मी शाब्बास म्हटलं की सुंठ कान पाडून बसायची. पलीकडे सकाळचे चालणारे म्हातारे थांबून बघायचे.

"भाऊ, हा आवाज लॉरीसाठी ठेवा," मास्तर म्हणायचा.

बायकोला शिकवावं लागलं नाही. साठी उलटलेली बाई, एका हाताने साडी वर धरून उलटी पळतेय, दुसऱ्या हातात गोणपाटाची गुंडाळी, तोंडाने "ये गो, ये गो माजे बाय", आणि सुंठ बाणासारखी तिच्यावर. एकदा दोघी गवतात पडल्या आणि ही पडल्या पडल्या हसत राहिली. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मास्तर उभा राहून शेंगदाणे मोजत होता. म्हणाला, "वहिनींचा हात आहे. हा शिकून येत नाही."

नंतर घरी येऊन तो बांगडा खायचा. माझ्या पाटावर बसून. ही त्याला विचारायची, तिखट झालं काय हो. मला कधी विचारायची नाही. मी सांगायचो नाही हेही खरं, पण विचारायचं तरी.

मग त्यांनी डबीचा खेळ काढला. माझी बायको मिसरी लावायची. भाजून काळी केलेली तंबाखू, दातांना लावायची, आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना त्याची सवय असते. मी ओरडलो, मुलगी ओरडली, तिने सोडली नाही. कमरेला सदा ती पितळी डबी. मास्तर म्हणाला, "वहिनी, ही द्या. ह्याच्याएवढा वास दुसऱ्या कशाला नाही." डबी लपवायची, कधी तांदळाच्या पिंपामागे, कधी ओट्याखाली. मग बायको सुंठीच्या कानाशी तोंड न्यायची, वर हाताचा आडोसा, आणि काहीतरी कुजबुजायची. सुंठ सुटायची. घर पालथं घालून डबी शोधायची आणि तिच्यासमोर पोट टेकून पडायची, नाक डबीकडे रोखून.

तो खेळ मी एकदाच दारातून बघितला. सुंठ पिंपाशी पडलेली. बायको जवळ गेली, तशी तिने मान हलवली नाही, फक्त डोळे वर केले. बायकोकडे. ते कसे, मला सांगता यायचं नाही. माझ्याकडे आयुष्यात कुणी तसं बघितलं नाही, बायकोने नाही, मुलीने नाही. मी चपला घातल्या आणि चहाच्या गाडीवर जाऊन बसलो. खेळ चालू झाला की मी उठायचो. पुढे काय करतात, कसं करतात, मी बघितलं नाही. विचारलंही नाही.

बायको फार दिवस आजारी नव्हती. पोटात दुखतंय म्हणून नेली आणि तिकडेच राहिली. ती आत असताना मास्तर रोज येऊन सुंठीला फिरवायचा. गेली तेव्हा मी मुलीला सांगितलं, दहावं झालं की कुत्री परत द्यायची. पिल्लंवाल्याला फोनसुद्धा लावला. मला ती डोळ्यांसमोर नको होती. ती दिवसभर तांदळाच्या पिंपाकडे बघत बसायची आणि मी आत आलो की मान पलीकडे फिरवायची.

दहाव्याला आम्ही खाडीकडच्या घाटावर गेलो. सुंठीला घरी कोंडली तर दार फोडील, म्हणून बरोबर घेतली आणि लांब कठड्याला बांधली. भटजींनी पिंड मांडले. माझी बहीण, आक्का, तिने भात, वडे, बायकोच्या आवडीचा खाजा पानावर वाढला आणि शेवटी ती मिसरीची डबी काढून पानाशेजारी ठेवली. "जीव ह्यात असायचा तिचा," म्हणाली.

कावळे झाडावर होते. खाली येईनात. आणि पट्टा तोडून सुंठ आली. लोकांमधून सरळ पानापर्यंत गेली, हातभर अंतरावर पोट टेकून पडली आणि तिने पुढे टक लावली. सगळ्या बायका रडायला लागल्या. मुकं जनावर, पण कळतंय बघा. मी गळ्याला धरून ओढली. हलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भाचा म्हणाला, कुत्रीमुळे कावळा येत नसेल. आक्का त्याच्यावर खेकसली, "गप रे. कचऱ्यावर कावळा नि कुत्रा एका पानात जेवतात. तिच्या मनात काहीतरी राहिलंय." आणि तिने माझ्याकडे बघितलं.

मी शब्द दिला, गावच्या घराचे पत्रे बदलीन. गणपतीला जाईन. मुलीने शब्द दिला, बाबांना एकटं टाकणार नाही. आक्काने दिला. ऊन वर आलं. कावळे बसलेले. माझ्याकडे द्यायला आणखी काही नव्हतं. तिला काय पाहिजे होतं ते मला ठाऊक नाही, हे सगळ्या घाटाने बघितलं.

मग मास्तर आला, उशिरा, माहुलची बस चुकली म्हणून. हातावर बाही. त्याने एकदा पान बघितलं, एकदा सुंठीला बघितलं, आणि पुढे झाला. सुंठीने डोळे वर केले. त्याच्याकडे. तो वाकला, तोंडाला हात लावला, ओठ हलले. डबी उचलून खिशात टाकली आणि मागे सरला. सुंठ उठून त्याच्यामागे गेली. कावळा झपकन खाली आला आणि घास घेऊन गेला.

नळावर मी त्याला गाठलं. "काय शब्द दिलात?"

त्याने खिशातल्या डबीवर हात ठेवला. "ते माझ्यात आणि तिच्यात."

"माझी बायको होती, मास्तर."

"काम झालं की सांगीन."

"कसलं काम?"

"उद्या सकाळी मैदानात या. कुत्री घेऊन."

"आणि डबी?"

"डबी माझ्याकडे राहू दे."

म्हणजे माझ्या बायकोची डबी परक्या माणसाच्या खिशात, माझ्या बायकोचं गुपित परक्या माणसाच्या पोटात. पिल्लंवाल्याचा फोन आला तो मी घेतला नाही. कुत्री दिली असती तर मैदानात जायला निमित्त काय?

रोज गेलो. रोज विचारलं. कधी सरळ, कधी आडून.

"ती तुम्हाला माझ्याबद्दल काही सांगायची काय?"

"सांगायच्या ना. आमटी पिताना आवाज करता म्हणून."

"आणखी?"

"पट्टा सैल धरा. आणखी सैल. हां."

असं करत करत त्याने मला तिच्या शेजारून चालायला लावलं, वळायला लावलं, थांबायला लावलं. कुत्र्याने आपल्याकडे बघत चालावं म्हणून तो रबरी चेंडू काखेत धरायचा. कुत्रं मान वर करून काखेकडे बघत मैलभर चालायचं. "चेंडू दिसला पाहिजे, मिळता नये," म्हणायचा. "मिळाला की संपलं. काम होईपर्यंत दाबून धरायचा." मी पण धरायला शिकलो. सुंठ माझ्या काखेकडे बघायची. पण मास्तर फाटकातून आत आला की चेंडू गेला तेल लावत, पट्टा ताणून तिकडे. डबी लपवायचा तोच, कानाला लागायचा तोच, आणि मी पाठ करून टाकीकडे बघत उभा.

आता त्या शेवटच्या सकाळचं. गोचिड्या काढून झाल्या, मास्तरने बाटलीचं झाकण लावलं.

मी म्हटलं, "कानात बघितलंत?"

"बघितलं. साफ आहे."

"नाही. डाव्या कानात आहे, आतल्या घडीत. कालपासून डोकं त्याच बाजूला झटकतेय."

त्याने कान उलटा करून बघितलं, डोळे बारीक केले, जवळ नेले. त्याला दिसली नाही. मला दिसली, चवळीच्या दाण्याएवढी. त्याच्या हातातून चिमटा घेतला आणि मी काढली. सुंठीने अंग चोरलं नाही.

मास्तरने हात पँटला पुसले. डावा खिसा उलटा करून सगळे शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले. मग म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी मी वहिनींना काही बोललो नाही. सुंठीला बोललो."

मला कळलं नाही.

"आक्कांनी डबी ठेवली. हिला वास आला. ही आली, डबी शोधली आणि पडून राहिली. हेच तर शिकवलं होतं आम्ही. कुणीतरी 'मिळाली, शाब्बास' म्हणेपर्यंत उठायचं नाही, कुणी ओढलं तरी. म्हणणारी कुठे होती? कावळा कुत्र्याला भीत नाही. पण अशी टक लावून पडलेल्या कुत्र्याजवळ नाही उतरत. मी 'मिळाली' म्हटलं. ही उठली, तो आला."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि तिची इच्छा?"

"मला काय माहीत? बायको तुमची."

"मग वर्षभर तोंड का शिवून बसलात?"

"तेव्हाच सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतात?"

मी त्याच्या काखेकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. त्याने शर्टाच्या खिशातून पितळी डबी काढली आणि माझ्या ओंजळीत शेंगदाण्यांवर ठेवली. मी उठलो, पट्टा घेतला आणि चालू पडलो. येतो म्हटलं नाही. वर्षभर मला काखेकडे बघत चालवलं होतं ह्या माणसाने. शेंगदाणे फेकून देणार होतो. घरी पोचेपर्यंत खाऊन संपले.

संध्याकाळी त्याच्या शेजाऱ्याचा फोन आला. चेंबूरच्या स्मशानात गेलो. पुतण्या होता, आणि बाकी सगळे कुत्रेवाले. डॉक्टरीणबाई रडत होत्या. म्हणाल्या, मास्तर मला म्हणायचे, तुम्ही माझ्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनी. मुलुंडचा एक जण म्हणाला, मलाही असंच म्हणायचे. मला असं कधी म्हणाला नाही. तिथे उभा राहून मी त्या लोकांवरही जळलो. पुतण्याने बाही लाकडांवर ठेवली, ते मला बरं वाटलं. नाहीतर ती पण कुणीतरी नेली असती.

आणि एक सांगतो. तो म्हणाला त्यावर माझा पूर्ण विश्वास बसलेला नाही. घाटावर त्याचे ओठ जरा जास्त वेळ हलत होते. "मिळाली, शाब्बास" म्हणायला तेवढा वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंठीला घेऊन मैदानात गेलो. ती टाकीजवळ जाऊन फाटकाकडे तोंड करून बसली. बस आली, माणसं उतरली, बस गेली. मी हाक मारली नाही. तिचं लक्ष तिकडे आहे तोवर मागे गेलो आणि डबी पडक्या कठड्याच्या विटांत सारली. मग येऊन तिच्याशेजारी गुडघे टेकले, ते टेकायलाच वेळ गेला, आणि तिच्या कानाशी हाताचा आडोसा केला. ती दोघं कानात काय म्हणायची, मी कधी ऐकलं नव्हतं. मी आपलं म्हटलं, "शोध गो बाय." माझ्या हाताला मिसरीचा वास होता म्हणून की काय, ती सुटली.

गवतातून गेली, टाकीला वळसा घातला, कठड्याच्या कडेने नाक घासत आली आणि विटांसमोर पोट टेकून पडली. मी जवळ गेलो. तिने मान हलवली नाही. डोळे वर केले. माझ्याकडे.

शब्द दिला की ती उठणार आणि परत फाटकाकडे जाऊन बसणार. म्हणून लगेच दिला नाही. चालणाऱ्यांतला एक म्हातारा थांबला. "काय हो, बरं आहे ना?" मी त्याला हाताने पुढे जा म्हटलं.

मग वाकलो, तोंडावर हात धरला आणि जमेल तेवढ्या बारीक आवाजात म्हटलं, "मिळाली. शाब्बास." आणि वर आणखी थोडं बोललो. ते माझ्यात आणि तिच्यात.